बुडीत खाते

बँकेत ‘बुडीत’ हा शब्द नुसता उच्चारला तरी मॅनेजरच्या कपाळावर आठ्या पडतात. पण वस्तू बुडावी म्हणून पदरचे पैसे घालणारी आणि ती बुडाली की टाळ्या पिटणारी माणसेही जगात आहेत. आमचा भाचा त्यांतलाच. पीव्हीसीचा पाइप, दोन मोटरी, इंजेक्शनच्या सिरिंजा आणि एम-सील एवढ्या भांडवलावर त्याने रेडिओवर चालणारी पाणबुडी मांडली आहे. मी म्हटले, “अरे, बुडवायचीच तर दगड बांध की!” तो म्हणाला, “मामा, बुडवायला काय लागतं? वर आणण्यात खरी गंमत आहे.” हे वाक्य वसुली विभागात फ्रेम करून लावण्याजोगे आहे.

याच गमतीपायी जॉन हॉलंड नावाच्या आयरिश मास्तराने आयुष्य घालवले. १८७३ मध्ये तो अमेरिकेत आला आणि न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी शाळेत शिकवू लागला. १८७५ मध्ये त्याने पाणबुडीचा आराखडा अमेरिकन नौदलाकडे धाडला. तो नामंजूर झाला. मग कर्ज नाकारलेला माणूस सावकाराकडे जातो, तसा हॉलंड फेनियनांकडे गेला. हे आयरिश क्रांतिकारक. इंग्रजांशी लढायला त्यांनी अमेरिकेत वर्गणी जमवली होती. हॉलंडने त्यांना सुमारे अडीच फुटांची, किल्लीवर चालणारी छोटी पाणबुडी करून दाखवली. खेळणे पसंत पडले, रक्कम मंजूर झाली.

१८७८ मध्ये चौदा फुटांची, सव्वादोन टनांची बोट पसेइक नदीत उतरली आणि थेट तळाशी गेली. हिशेब धरला होता खाऱ्या पाण्याचा, आणि नदी गोडी! समुद्राचे पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. सव्वादोन टनांवर हा फरक पन्नासएक किलोंचा, म्हणजे एक किरकोळ कारकून. तेवढ्याने ताळेबंद फसला. पुढच्याच महिन्यात मात्र हॉलंड स्वतः आत बसून बुडी मारून वर आला.

त्याची खरी अक्कल राखीव निधीत होती. टाक्यांत पाणी घेऊनही तो बोट किंचित तरंगती ठेवी आणि वेगाच्या जोरावर, मागच्या आडव्या पंखांनी तिला खाली दाबी. इंजिन थांबले की बोट आपोआप वर. भाच्याच्या पाणबुडीतही हेच कलम आहे: बॅटरी संपली तरी मुद्दल परत.

१८८१ मध्ये तीन माणसांची ‘फेनियन रॅम’ तयार झाली. पुढे फेनियनांत पैशांवरून भांडण लागले. १८८३ च्या नोव्हेंबरात एका गटाने हॉलंडच्या खोट्या सहीवर बोट रातोरात पळवली. पण सही जमली तरी बोट चालवणे जमेना, आणि हॉलंडने मदत साफ नाकारली.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या पाण्यात हॉलंडची सहावी बोट यशस्वी बुडी मारून आली. त्याच वर्षी, त्याच शहरात निकोला टेस्लाने तारेवाचून दुरून चालणाऱ्या छोट्या बोटीचे पेटंट मिळवले. या दोघांचे लग्न लावले की भाच्याची पाणबुडी होते. पण मीठ इथेही आडवे येते. हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यात शिरताच विरतात. म्हणून हे छांदिष्ट २७ किंवा ४० मेगाहर्ट्‌झचे जुने रिमोट जिवापाड जपतात. ते गोड्या पाण्यात काही फूट चालतात, समुद्रात मात्र मुके.

१९०० मध्ये अमेरिकन नौदलाने सहावी बोट दीड लाख डॉलरला घेतली. बांधायला खर्च त्याहून जास्त झाला होता! १९०१ मध्ये खुद्द इंग्रजांनी हॉलंडच्याच आराखड्यावरून पाणबुडी बांधली. आयरिशांच्या वर्गणीचे व्याज कोणाच्या खात्यात जमा झाले पाहा. पेटंटे कंपनीच्या ताब्यात गेलेली, म्हणून हॉलंड १९०४ मध्ये कंपनी सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडला.

१२ ऑगस्ट १९१४ रोजी तो वारला. २२ सप्टेंबरला एका जर्मन पाणबुडीने दीड तासाच्या आत तीन ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. चौदाशेंहून अधिक माणसे गेली. ती कोणत्याच खात्यात परत जमा होत नाहीत.

चोरांना चालवता न आलेली ‘फेनियन रॅम’ मात्र पॅटर्सनच्या संग्रहालयात कोरड्या जमिनीवर उभी आहे. तिने कोणालाच बुडवले नाही.