कानपूरची थंडावलेली धुराडी

लखनौच्या तेलीबागेत राहावयास येऊन आम्हांस दोन वर्षे झाली. नावात तेली आहेत, बागही आहे. आमच्या वाट्यास मात्र रायबरेली रस्त्यावरची वर्दळ तेवढी आली आहे. देशाकडून पाहुणा आला की आम्ही त्यास रेसिडेन्सी व इमामबाडा दाखवितो. तो इतिहासाचा भोक्ता असल्यास कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तासही नेतो. दुसरा बाजीराव राज्य गेल्यावर तेथे राहिला व १८५१ मध्ये तेथेच निवर्तला, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही ब्रह्मावर्ताची वाट सोडली आणि कॅमेरा घेऊन कानपूरच्या गिरण्यांकडे वळलो.

हे गिरण्यांचे शहर सत्तावन्नच्या राखेतून उठले. १८५९ मध्ये अलाहाबादेहून लोहमार्ग आला. उठावानंतर वाढलेल्या गोऱ्या फौजेस जीन, बूट व तंबू हवे होते. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवीने कापसाचा भाव चढविला. एल्गिन मिल त्याच दशकात उभी राहिली. १८७४ मध्ये म्यूर मिल आणि १८७६ मध्ये लोकरीची गिरणी निघाली. या लोकरीच्या गिरणीचे ‘लाल इमली’ हे नाव आमच्या वडिलांच्या ट्रंकेतील शालीवर आम्ही प्रथम वाचले.

दोन्ही महायुद्धांत सरकारी मागणीने ही यंत्रे रात्रंदिवस चालली. खेड्यापाड्यांतून आलेला मजूर येथेच संघटित झाला. १९२४ च्या कानपूर खटल्यात शिक्षा झालेल्यांत आपले श्रीपाद अमृत डांगे होते, ही गोष्टही आपल्या लोकांच्या फारशी स्मरणात नाही.

पुढे ओहोटी लागली. जुनी यंत्रे बदलली गेली नाहीत, यंत्रमागाचे स्वस्त कापड व कृत्रिम धागा बाजारात आला. आजारी गिरण्या सरकारने आपल्याकडे घेतल्या; लाल इमली चालविणारी ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन १९८१ मध्ये सरकारी झाली. तथापि मालक बदलल्याने माग चालत नाही. एकेक धुराडे थंड होत गेले.

आम्ही छायाचित्रे काढली ती लाल विटांच्या उंच भिंतींची, घड्याळाच्या मनोऱ्याची, भेगांतून फुटलेल्या पिंपळाची. भिंगातून हे सारे इतके सुंदर दिसू लागले की आमचे आम्हांसच खटकले. १८५८ मध्ये फेलिस बिआटो नावाच्या छायाचित्रकाराने लखनौच्या सिकंदरबागेचे प्रसिद्ध चित्र घेतले. त्यातील अंगणभर पसरलेली हाडे चित्रासाठी मांडून घेतली होती, असे अनेक अभ्यासक मानतात. आम्ही काही मांडले नव्हते. परंतु भिंतीपुढे उभी असलेली माणसे बाजूस होण्याची वाट मात्र पाहत होतो.

एका बंद गिरणीच्या फाटकाशी बसलेला म्हातारा पहारेकरी आमच्याकडे बराच वेळ पाहत होता. कॅमेरा व हातातील वही पाहून त्याचा ग्रह झाला असावा. तो उठून उभा राहिला व अदबीने म्हणाला, “साहब, दिल्ली से कोई हुक्म आया है क्या?”

आम्ही नाही म्हणालो. तो पुन्हा स्टुलावर बसला.

परतीच्या गाडीत त्याचाच प्रश्न मनात घोळत होता. जे शहर सरकारी मागणीवर वाढले, त्याचे भवितव्य शेवटी सरकारी फायलीत जाऊन बसले. फायलीवर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर’ असे लिहून ती पुढे सरकविणे हा तर आमचाही नित्याचा व्यवसाय. ती जेथे पोहोचते तेथे स्टुलावर कुणी वाट पाहत बसलेले असते, याचा विचार आम्ही किती वेळा करतो?

ती छायाचित्रे कार्यालयात दाखविली, तेव्हा सर्वांनी मनोऱ्याची वाखाणणी केली. पहारेकऱ्याचे छायाचित्र आमच्यापाशी नाही. त्या उत्तरानंतर कॅमेरा त्याच्यासमोर धरण्याचे धैर्य झाले नाही. यापुढे मात्र ब्रह्मावर्तास निघालेल्या पाहुण्यास आम्ही या फाटकावरून नेणार आहोत. राज्य बुडाल्याचा इतिहास आपण भक्तिभावाने पाहतो; रोजगार बुडाल्याचाही इतिहासच असतो.