ओरांगउटानची खेळी

१९२४च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला अकरा बुद्धिबळपटूंची स्पर्धा सुरू झाली. चौथ्या फेरीत तार्ताकोवरने मारोत्सीविरुद्ध पहिल्याच खेळीत वजिराकडील घोड्यापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. त्याआधी ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात त्याने सुझन नावाच्या ओरांगउटानची भेट घेतली होती; या सुरुवातीला तेच नाव चिकटले.

पटाचा मध्य सोडून बगलेतून निघणारी ही खेळी तत्कालीन शिस्तीत बसणारी नव्हती. मारोत्सीने मात्र तिला शिक्षा करण्याची घाई केली नाही. घोडा बाहेर काढला, वजिरापुढच्या प्याद्याने मध्य धरला, किल्लेकोट केला आणि मगच बगलेत पुढे गेलेल्या त्या प्याद्याला आपल्या कडेच्या प्याद्याने आव्हान दिले. डाव त्याने जिंकला.

यावरून परंपरेचा विजय झाला असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. पुढच्याच फेरीत रेटीने बगलेतूनच मध्यावर दाब आणत आठ वर्षे अपराजित असलेल्या कापाब्लांकाला हरवले. त्याच रेटीशी खेळताना पंचावन्न वर्षांच्या लास्करने मध्यात प्याद्यांची भक्कम रचना उभारली. पण ती बंद होण्याआधी उंट बाहेर काढून ठेवला, आणि तो जिंकला. स्पर्धाही त्याचीच झाली.

विक्षिप्त दिसणारी प्रत्येक खेळी नवी नसते आणि नवी खेळी विक्षिप्त दिसल्यावाचून राहत नाही. हा भेद नावावरून कळत नाही. प्रत्यक्ष डाव खेळावा लागतो. साहित्याच्या वाचकालाही याहून सोपी वाट उपलब्ध नाही.