कासवाच्या पायातला क्रमांक

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या शिक्षकांना ठाऊक असते. विज्ञानाच्या शिक्षकांनीही या गावाची ओळख करून घ्यावी. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीने येथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी ही अंडी माणसे, कोल्हे आणि कुत्रे यांच्या पोटात जात. राखणीत ती कुंपण घातलेल्या जागी वाळूत पुरतात आणि साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्रात सोडतात.

या कामात नोंद ठेवावीच लागते. घरटे कधी सापडले, अंडी किती, पिल्ले किती निघाली? तारीख नसेल तर पिल्लांची वाट कधी पाहायची हेच कळणार नाही. वाळूचे तापमानही टिपायला हवे. कारण पिल्लू नर होणार की मादी, हे त्यावर ठरते. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या अधिक.

मात्र पिल्लू लाटेत शिरले की गावाची वही संपते. मोठेपणी ते कोठे जाते? हा प्रश्न सोडवण्यासाठी अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५५ मध्ये कोस्टारिकातील तोर्तुगेरो किनाऱ्यावर माद्यांना धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. बिल्ल्यावर क्रमांक, पत्ता आणि परत पाठवणाऱ्यास बक्षिसाचे आश्वासन असे. दूरदूरच्या कोळ्यांनी बिल्ले पाठवले आणि कासवांचे मार्ग उलगडू लागले.

आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले गेले. तिचे नाव ‘प्रथमा’. पण असे यंत्र महाग असते आणि काही काळाने बंद पडते. साधा बिल्ला वर्षानुवर्षे टिकतो. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायात ०३२३३ हा क्रमांक आढळला. तो बिल्ला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या संशोधकांनी मार्च २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगळी असतात, या समजुतीला त्या एका नोंदीने धक्का दिला.

ओडिशातील नोंदवही कुलपात राहिली असती, तर गुहागरचा तो क्रमांक म्हणजे पत्र्यावरचे पाच आकडे एवढेच उरले असते. आम्हा संशोधकांच्या जगात हे वारंवार घडते. निबंध छापला जातो. तो ज्या आकड्यांवर उभा असतो ते मात्र कपाटात राहतात आणि संशोधक निवृत्त झाला की रद्दीत जातात. कधी आकडे मिळतात, पण अर्थ लागत नाही. ‘३/४’ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? कासवाच्या अंड्यांच्या हिशेबात एक महिना म्हणजे निम्म्याहून अधिक काळ!

सगळेच तत्काळ उघड करावे असेही नाही. घरट्याची नेमकी जागा जाहीर झाली तर अंडी चोरणाऱ्याचेच फावेल. म्हणून काय खुले करायचे, केव्हा आणि कोणासाठी, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे लागते.

शाळेत पावसाची किंवा पक्ष्यांची नोंद ठेवताना हीच शिस्त लावता येईल. महिना अक्षरी लिहावा, एकक द्यावे, नोंदणाऱ्याचे नाव असावे. काही आढळले नाही तर शून्य लिहावे. जागा कोरी सोडू नये. वहीची एक प्रत शेजारच्या शाळेला द्यावी आणि त्यांची आपण मागून घ्यावी. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की काय दिसते, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.