बोलावलं कोणी अन् भोगलं कोणी?

 

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक अमेरिकन खेळ आहे, 1974 सालचा. आता आपल्याकडची पोरंही तो खेळतात. त्यात जादूगार एका मंत्रानं परलोकातल्या शक्तीला प्रश्न विचारू शकतो. पण आधी फासा टाकावा लागतो. दान वाईट पडलं की जादूगाराचं डोकं फिरतं. म्हणजे नियम सरळ आहे: ज्यानं विचारलं, त्यानंच भोगायचं.

खऱ्या इतिहासात मात्र हा नियम कुठंच दिसत नाही.

1848 साली न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स घराण्यातल्या बहिणींनी सांगितलं, की भिंतीवर टकटक करून आत्मा आमच्याशी बोलतो. तिथून युरोप-अमेरिकेत आत्मे बोलावण्याचं वेडच लागलं. 1853 मध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं प्रयोग करून दाखवलं, की टेबल भूत हलवत नाही, बसलेल्यांचे हातच नकळत ढकलतात. 1888 मध्ये मार्गारेट फॉक्सनं स्वतः जाहीर सांगितलं, की ती टकटक पायाच्या सांध्यांची होती. पुढं तिनं शब्द फिरवला. धंदा काही थांबला नाही.

तेच प्लँचेट आपल्याकडंही आलं. पाटावर अक्षरं, मधे वाटी, वाटीवर बोटं. होस्टेलवर राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. 2014 मध्ये तर एका इंग्रजी साप्ताहिकानं आरोप केला, की डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाच्या तपासात प्लँचेट वापरलं गेलं. तेव्हाच्या पोलीस आयुक्तांनी तो फेटाळला. पण ज्या माणसानं आयुष्यभर याच गोष्टींविरुद्ध लढा दिला, त्याच्या नावावर ही चर्चा व्हावी, यापेक्षा वाईट काय?

वाटीचा खेळ बहुतेक वेळा भीतीवरच निभावतो. खरी किंमत मोजावी लागते ती आपल्या बाजूला. अकोटवरून पोपटखेडच्या पुढं गेलं की मेळघाट. तिथं लेकराचं पोट फुगलं तर तापलेल्या लोखंडाचे चटके द्यायची रीत अजून संपलेली नाही. त्याला डंबा म्हणतात. विचारणारा वेगळा, सांगणारा वेगळा, अन् पोटावर डाग त्या लेकराच्या, ज्याला अजून बोलताही येत नाही.

म्हणून भूमकाला शिव्या घालून भागत नाही. डॉक्टर लांब, रस्ता खराब, रात्रीची वेळ. तेव्हा दारात तोच असतो. आरोग्य खात्यानंही भूमकांनाच सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात आणायचे प्रयत्न केले, ते याचसाठी. शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच उलटे प्रश्न विचारायचे. माणसाला हिणवलं नाही, विचार करायला लावलं. तो वारसा आपलाच आहे.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षं रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला, अन् डिसेंबरात कायदा झाला. हा कायदा देवाला हात जोडणाऱ्याला काहीच म्हणत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार.

थोडक्यात, खेळात जे फाशानं होतं ते इथं कायद्यानं करायचा प्रयत्न आहे: जोखीम लेकरावरून उचलून करणाऱ्यावर टाकायची.

पण कायदा पुस्तकात राहून काय कामाचा? यात पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. आपल्या भागाचा दक्षता अधिकारी कोण, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? माहीत असेल तर खाली लिहा. नसेल तर उद्या ठाण्यात जाऊन विचारा. विचारायला फासा लागत नाही.