तारीख व वेळ यांचे स्थानिकीकरण

संगणकात साठवलेली तारीख किंवा वेळ वाचकाच्या भाषेत व प्रदेशात रूढ असलेल्या पद्धतीने दाखवणे, तसेच त्या पद्धतीने लिहिलेली तारीख अचूक ओळखणे, या प्रक्रियेस तारीख व वेळ यांचे स्थानिकीकरण असे म्हणतात. भाषा आणि प्रदेश यांच्या जोडीला लागू होणाऱ्या संकेतांच्या संचाला ‘लोकेल’ ही संज्ञा आहे; उदाहरणार्थ, मराठी–भारत किंवा इंग्रजी–अमेरिका. बहुतेक मोबाइल, ब्राउझर व प्रोग्रामिंग भाषा हे संकेत युनिकोड संघाच्या ‘सीएलडीआर’ या सामायिक भांडारातून घेतात.

क्रमातील संदिग्धता

०३/०४/२०२४ ही तारीख भारतात व ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च अशी वाचली जाते. दिवसाचा आकडा १२ पेक्षा मोठा असल्यास चूक तत्काळ लक्षात येते. लहान असल्यास ती निमूटपणे खपून जाते आणि म्हणूनच अधिक घातक ठरते. यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या मानकाने वर्ष–महिना–दिवस असा क्रम ठरवला. या क्रमाने लिहिलेल्या तारखा अक्षरानुक्रमे लावल्या तरी आपोआप कालानुक्रमे लागतात. साठवणीसाठी हे रूप उत्तम असले, तरी वाचकासाठी महिन्याचे नाव अक्षरांत लिहिणेच सर्वांत सुरक्षित होय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी व अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहिण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत या दृष्टीने दूरदर्शीपणाची म्हणावी लागेल.

मराठीतील रूपे

सीएलडीआरमध्ये मराठीचे मूलभूत अंक देवनागरी आहेत, तर हिंदीचे आंतरराष्ट्रीय (1, 2, 3). त्यामुळे पडद्यावर ‘३/४/२०२४’ अशी दिसणारी तारीख केवळ आंतरराष्ट्रीय अंक ओळखणाऱ्या अर्जात जशीच्या तशी भरल्यास नाकारली जाऊ शकते.

वारांची नावे आखूड करताना पहिले अक्षर स्वरचिन्हासह घ्यावे लागते: र, सो, मं, बु, गु, शु, श. यंत्राने स्वरचिन्ह गाळून केवळ मूळ व्यंजन घेतल्यास शुक्रवार व शनिवार दोन्ही ‘श’ होतात. वचनाचेही भान हवे. ‘१ दिवसापूर्वी’ आणि ‘२ दिवसांपूर्वी’ यांत एका अनुस्वाराचा फरक आहे. एकच साचा दोन्हींसाठी वापरणे हे अशुद्ध मराठीचे नेहमीचे कारण होय. हिंदीत ‘कल’ हा शब्द मागील व पुढील अशा दोन्ही दिवसांना लागतो. मराठीत ‘काल’ व ‘उद्या’ वेगळे असले, तरी ‘परवा’ दोन्ही दिशांना चालतो. तेथे क्रियापदाशिवाय अर्थ ठरत नाही.

बारा तासांच्या घड्याळात इंग्रजीतील ‘एएम’, ‘पीएम’ ही अक्षरे आकड्यानंतर येतात. मराठीत मात्र ‘पहाटे ४’, ‘दुपारी १’, ‘रात्री ९’ असा प्रहर आधी येतो. केवळ शब्द बदलून ‘४ पहाटे’ असे लिहिणारे सॉफ्टवेअर भाषांतरित असते, स्थानिकीकृत नव्हे.

भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी (१ चैत्र, शके १८७९) अधिकृतपणे लागू झाली. ती सौर असल्यामुळे तिचा १ चैत्र म्हणजे गुढीपाडवा नव्हे. महिन्यांची नावे तीच असल्याने हा घोटाळा वारंवार होतो; पंचांगातील तिथीसाठी निराळे गणित लागते.

प्रमाणवेळ आणि सरकलेले दिवस

अनेक संगणकप्रणाली १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून लोटलेल्या सेकंदांच्या रूपात वेळ साठवतात व दाखवताना तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करतात. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. घडून गेलेल्या घटनेसाठी ही पद्धत योग्य असली, तरी जन्मतारखेसाठी ती धोक्याची आहे. १ जून ही तारीख ‘भारतातील मध्यरात्र’ म्हणून साठवल्यास यूटीसीनुसार ती ३१ मे, सायंकाळी ६:३० ठरते. सर्व्हरने ती यूटीसीतच छापली, तर कागदपत्रांवर जन्मदिवस एका दिवसाने मागे जातो आणि दोन दाखले परस्परांशी जुळत नाहीत. महाराष्ट्रात जन्माची नोंद नसलेल्या मुलांच्या नावापुढे शाळेत १ जून घालण्याची प्रथा होती, त्यामुळे याच तारखेची माणसे येथे मोठ्या संख्येने आढळतात. जन्मतारीख वेळेविना, निव्वळ तारीख म्हणून साठवणे हाच यावर उपाय आहे.

जुन्या वेळांबाबत अडचण याहून सूक्ष्म आहे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली, परंतु मुंबईत तिच्याहून सुमारे ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत वापरात राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देशातील घड्याळे काही काळ एक तास पुढे होती. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळ-संग्रहात भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. तिच्यात युद्धकालीन बदल आहे, मुंबई वेळ नाही. त्यामुळे त्या काळात मुंबईत जन्मलेल्या व्यक्तीची पत्रिका मांडताना, नोंदवलेली वेळ कोणत्या घड्याळाची होती हे सॉफ्टवेअरला वेगळे सांगावे लागते.