पूर्व-पश्चिमेची वाटणी

पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण असे जे दोन गोलार्ध होतात, त्यांची वाटणी निसर्गानेच करून ठेवलेली आहे. कारण पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते त्याची दोन टोके, म्हणजे ध्रुव, आणि त्या दोहोंपासून सारख्या अंतरावर पडणारे विषुववृत्त यांच्या जागा कोणत्याही बादशहाच्या फर्मानाने हलणाऱ्या नाहीत. पूर्व-पश्चिम गोलार्धांची गोष्ट निराळी. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत जाणारी सर्व रेखावृत्ते सारख्याच योग्यतेची. त्यांपैकी आरंभाचे कोणते, हे माणसांनी ठरविले, आणि ज्या काळी ज्यांच्या हाती विद्या किंवा दर्या होता त्यांच्या मुलुखातून ते गेले.

आपल्या ज्योतिर्विदांनी ही रेखा उज्जयिनीवरून नेली. विषुववृत्तावर कल्पिलेली लंका, उत्तरेस अवंती, पुढे कुरुक्षेत्र आणि शेवटी मेरू, अशी ही मध्यरेखा सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीतही प्रमाण धरली आहे. विषुववृत्तावर नव्वद-नव्वद अंशांवर चार नगरे मानली गेली: लंका, तिच्या पूर्वेस यमकोटी, पश्चिमेस रोमक आणि पृथ्वीच्या थेट पलीकडल्या अंगास सिद्धपुर, लंकेत सूर्य उगवतो तेव्हा यमकोटीस मध्याह्न, सिद्धपुरास सूर्यास्त आणि रोमकास मध्यरात्र. नगरे काल्पनिक खरी, परंतु रेखांश म्हणजे वस्तुतः काळाचे अंतर, हे मर्म या मांडणीत किती स्वच्छ उतरले आहे! पंचांगकर्त्यांचा देशांतर-संस्कार हा याच विचाराचा नित्याचा उपयोग. एका अंशास 10 पळे. मुंबई उज्जयिनीच्या पश्चिमेस सुमारे 3 अंश, म्हणून तेथे मध्याह्न सुमारे 30 पळे मागाहून होणार. आपले गाव रेखेपासून किती दूर हेच ठाऊक नसेल, तर चंद्रग्रहणाची वाट पाहावयाची: रेखेसाठी गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा ते गावच्या घटिकायंत्रावर उशिरा लागले तर गाव पूर्वेस, लवकर लागले तर पश्चिमेस.

युरोपात टॉलेमीने त्या काळच्या ज्ञात जगाच्या पश्चिम टोकाची बेटे आरंभस्थान मानली होती, आणि 1634 साली फ्रान्सच्या राजाने त्याच भागातील फेरो बेट मुक्रर केले. पुढे पॅरिस आणि ग्रीनिच येथे वेधशाळा उभ्या राहिल्या, आणि ज्या त्या दर्यावर्दी राष्ट्राचे नकाशे आपापल्या रेखेपासून मोजले जाऊ लागले.

हा कज्जा ऑक्टोबर 1884 मध्ये वॉशिंग्टन येथे 25 राष्ट्रांच्या परिषदेपुढे आला. आरंभरेखा तटस्थ असावी, तिने युरोप वा अमेरिका यांसारखे मोठे खंड छेदू नये, असा फ्रेंच पक्षाचा आग्रह होता. तत्त्व म्हणून तो मला आजही उचित वाटतो. पण जगातील बहुतेक जहाजांवर ग्रीनिचचेच नकाशे असल्यामुळे व्यवहाराने निकाल आधीच दिलेला होता. 13 तारखेस 22 राष्ट्रांनी ग्रीनिचला कौल दिला, सान डोमिंगोने विरोध केला, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. रेखांश पूर्वेस 180 व पश्चिमेस 180 अंश मोजावेत, असाही ठराव झाला, आणि आजच्या दोन गोलार्धांची हद्द कायम झाली.

ठराव झाला तरी अंमल सर्वत्र तत्काळ बसला नाही. फ्रान्सने ग्रीनिचची वेळ 1911 मध्ये स्वीकारली. आपल्याकडे 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची वेळ सरकारने लागू केली, तेव्हा मुंबईकरांनी कडाडून विरोध केला, आणि ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे असलेला ‘मुंबई टाइम’ या शहराने 1955 पर्यंत सोडला नाही. सूर्य ज्या गावाच्या माथ्यावर येतो त्याच गावाची दुपार खरी, हा जुना हक्क त्या हट्टामागे होता.

नकाशाकारांनाही ग्रीनिचची हद्द गोलार्धांसाठी गैरसोयीची झाली. ती इंग्लंड, फ्रान्स, स्पेन आणि पश्चिम आफ्रिका यांना उभी चिरत जाते. म्हणून पुष्कळ नकाशासंग्रहांत गोलार्ध दाखविताना 20 अंश पश्चिम आणि 160 अंश पूर्व या रेखा घेतात. त्यायोगे आफ्रिका आणि युरोपची मुख्य भूमी अखंड राहते, मात्र दुसरीकडे कामचाटकाचे दोन तुकडे पडतातच.