एचआयव्ही औषधरोध

एचआयव्ही औषधरोध : एचआयव्हीच्या जनुकांत बदल होऊन, पूर्वी त्याची वाढ रोखणारे औषध निष्प्रभ ठरण्याची अवस्था. रोध विषाणूत येतो, रुग्णाच्या शरीरात नव्हे. त्यामुळे रोधी विषाणूची लागण झालेल्या माणसाने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नसली, तरी काही औषधे त्याला पहिल्या दिवसापासून लागू पडत नाहीत.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एंझाइमच्या साहाय्याने एचआयव्ही आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. या एंझाइमला स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. उपचार नसताना शरीरात रोज अब्जावधी विषाणू जन्मतात. त्यांत औषधाला न जुमानणारे थोडे आधीपासूनच असतात. औषधाची रक्तातील पातळी घसरली की मूळ विषाणू दबलेलाच राहतो आणि हे फोफावतात.

झिडोव्हुडिन या एचआयव्हीविरोधी औषधाला 1987 मध्ये मान्यता मिळाली आणि 1989 मध्येच त्याला रोध नोंदला गेला. 1996 पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली. लॅमिव्ह्युडिन हे औषध निकामी व्हायला एंझाइमच्या 184व्या स्थानी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन येणे पुरते. गंमत अशी, की याच बदलाने विषाणूची वाढ मंदावते आणि टेनोफोव्हिर हे दुसरे औषध त्याच्यावर अधिक चालते. म्हणून रोध दिसूनही लॅमिव्ह्युडिन पुष्कळदा चालू ठेवतात. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ या औषधांनाही एकच बदल भारी पडतो. शिवाय ती रक्तात बरेच दिवस रेंगाळतात : एकत्र दिलेली तिन्ही औषधे एकदम थांबली, तर त्यांतले नेव्हिरापिन किंवा एफाव्हिरेन्झ मागे एकटेच उरते. प्रसूतीच्या वेळी मातेला नेव्हिरापिनची एकच मात्रा देण्याच्या पद्धतीने असंख्य बाळे वाचली, पण अनेक मातांत रोधही निर्माण झाला. एचआयव्ही-2 हा पश्चिम भारतातही आढळणारा प्रकार तर या दोन औषधांना मुळातच दाद देत नाही.

रोधाचे खापर सरसकट रुग्णाच्या माथी फोडणे अन्यायाचे आहे. गोळ्या चुकतात हे खरे, पण उपचारकेंद्रातला औषधसाठाही संपतो. क्षयावरील रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाची पातळी घसरते, म्हणून ते 50 मिग्रॅ. दिवसातून दोनदा द्यावे लागते. अ‍ॅसिडिटीवरील अँटासिड गोळी सोबत घेतली, तरी ते नीट शोषले जात नाही. हे रुग्णाला कोणी सांगितलेलेच नसते.

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाली. रोध आलेल्यांसाठी दुसऱ्या फळीची औषधे 2008 मध्ये प्रथम मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि चेन्नईजवळच्या तांबरम येथे मिळू लागली. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी दिली जाते. डोल्युटेग्रॅव्हिरला रोध सहजी येत नाही. तरी तो येतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या अहवालात नोंदवले आहे.

निदान : व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) 1,000 प्रती प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त आला, की समुपदेशन करून काही महिन्यांनी फेरतपासणी होते. आकडा उतरला नाही, तर जीनोटाइप चाचणी, म्हणजे विषाणूच्या जनुकांतील बदलांची तपासणी. ही चाचणी औषधे चालू असतानाच करावी. गोळ्या सोडल्यावर काही आठवड्यांत मूळ विषाणू पुन्हा वरचढ होतो आणि रोधी विषाणू चाचणीत दिसत नाही. तो पेशींत दडलेला असतोच.